गाडी बाणेरात, फेस पंढरपुरात

गाडी धुणारा गाडीकडे बघत असतो आणि बाकीची सोसायटी पाण्याकडे. बाणेरात तर त्याला इलाजच नाही. इथे तुकाई टेकडी उतरून रस्ता येतो, रस्ता उतरून गेट, गेट उतरून पार्किंग. वरच्या गल्लीत कुणी सकाळी सातला मोटार धुवायला काढली की साडेसातला खालच्या गल्लीतले आजोबा ओला पेपर दोन बोटांत धरून वर बघत उभे राहतात. पेपरातल्या बातमीपेक्षा तो कुणामुळे भिजला हा शोध त्यांना दुपारपर्यंत पुरतो.

पूर्वी ही भानगड नव्हती, कारण गाड्या धुतल्या जात नसत, पुसल्या जात. पहाटे एक माणूस यायचा. एक बादली, एक फडकं आणि अख्ख्या विंगच्या गाड्या. पहिला नंबर ज्याच्या गाडीचा तो नशीबवान. सातव्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी परवाच्या आमटीसारखं झालेलं असायचं, आणि तेच फडकं तितक्याच निष्ठेने पुढच्या बॉनेटवरून फिरायचं. रंगावर बारीक गोल चरे पडत. उन्हात ते कोळ्याच्या जाळ्यागत चमकत आणि मालकाला वाटे, काय पॉलिश आहे! पण त्या सगळ्या कारभाराला लागायचं वीसेक लिटर पाणी, आणि त्यातलंही बरंचसं फडक्यातच मुरायचं. जमिनीवर उरायची ती नुसती ओल. ओलीवरून कुणी सभा बोलवत नाही.

आता घरी येऊन गाडी धुणाऱ्याला डिटेलर म्हणतात. आमच्याकडे येतो तो पोरगा धाराशिवचा आहे. जुन्या ईकोच्या मागच्या सीटा काढून त्याने तिथे पाण्याची टाकी, प्रेशर वॉशर, ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम आणि फडक्यांचा मोठा संसार मांडलाय. निळं फडकं काचेचं, पिवळं अंगाचं, करडं चाकांचं. करडं फडकं बॉनेटला नुसतं शिवलं तरी ते बॉनेट पुन्हा पहिल्यापासून. गाडीच्या मालकाला स्वतःचे टॉवेल कोणते हे माहीत नसतं, पण गाडीचं पिवळं फडकं कुठलं ते पाठ असतं.

त्याच्याकडे फोम गनही आहे. तिचा चाप ओढला की पांढराशुभ्र फेस गाडीवर बसतो आणि पार्किंगमधली सगळी पोरं शाळेची बस सोडून तिथे जमतात. फेसाला काम आहे, नाही असं नाही. चार-पाच मिनिटं तो अंगावर राहिला की धूळ सैल होते आणि मग फडकं फिरवताना तिचे कण रंगावर ओरखडत नाहीत. पण त्याला फेस लागतो बोटभर. "हातभर फेस गिऱ्हाइकासाठी असतोय, काका," तो म्हणतो. "कमी केला तर विचारतेत, शांपू संपला का?" एका साहेबांनी तर पैसे देताना फेस कमी पडल्याबद्दल वीस रुपये कापून घेतले. हेच साहेब घरी बायकोला म्हणतात, भांड्याला एवढा साबण कशाला.

गाडीवर हात ठेवण्याआधी मात्र तो एक गोष्ट करतो, आणि त्याची खरी विद्या मला तिथे दिसते. मगभर पाणी मागच्या चाकापाशी ओततो आणि उकिडवा बसून राहतो. पाणी पसरतं, थबकतं. मग त्यातून बोटभर धार सुटते, दोन फरश्यांमधल्या सांध्याने खांबापर्यंत जाते, खांबाला वळसा घालते, तिथे पडलेल्या पानपरागच्या पुडीला सोबत घेते आणि बी विंगच्या लिफ्टकडे चालू लागते. नकाशात आमच्या पार्किंगचा उतार गेटकडे आहे. प्रत्यक्षात तो फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीच्या त्या-त्या दिवशीच्या तब्येतीप्रमाणे आहे. बिल्डरच्या माहितीपुस्तकात पोहण्याचा तलाव होता, योगा डेक होता, ज्येष्ठांसाठी कट्टा होता. पाणी कुणीकडे वाहील याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. आम्हीही विचारलं नव्हतं. आम्ही मॉड्युलर किचनचा रंग विचारत होतो.

त्याच्या पाहणीप्रमाणे आमच्या पार्किंगमध्ये तीन पाणलोट क्षेत्रं आहेत. एक गेटकडे उतरतं आणि वॉचमनमामांच्या केबिनखालून जातं. मामा पाय वर घेऊन रजिस्टर लिहितात. दुसरं तळमजल्यावरच्या काकूंच्या दाराशी संपतं. काकू रोज सकाळी ठिपक्यांची रांगोळी काढतात. साबणाच्या पाण्याने ती पुसली की त्या काही बोलत नाहीत, फक्त ज्याच्या गाडीचं पाणी असेल त्याच्या दिशेने तोंड करून पुन्हा काढायला बसतात. तिसरं सगळ्यांत घातक. ते लिफ्टच्या खड्ड्यात जातं. तिथे पाणी साठलं की लिफ्ट बंद, आणि एरवी पाण्यातलं प हे अक्षरही न उच्चारणाऱ्या दहाव्या मजल्यावरच्या मंडळींना एकाएकी पर्यावरणाची कळकळ येते.

म्हणून त्याने अजगर केलाय. स्वतःच्या जुन्या जीन्सचा एक पाय कापला, त्यात वाळू ठासून भरली, दोन्ही टोकं शिवून टाकली. गाडीच्या उताराच्या बाजूला तो अजगर अर्धगोल आडवा घालतो. पाणी येतं, अजगराला टेकतं, तिथेच डबकं धरतं, आणि मग व्हॅक्यूमने ते ओढून घ्यायचं. पहिल्या दिवशी पहाटेच्या अंधारात तो अजगर बघून वॉचमनमामांनी काठी उगारली होती. आता मामाच तो धुवून वाळत घालतात. दुसऱ्या पायाचं काय केलं असं मी विचारलं. "तो लहान अजगर, काका. स्विफ्टला पुरतोय."

कॅलिफोर्नियातल्या माझ्या भाच्याला मी याचा फोटो पाठवला. तिकडे हेच काम करणाऱ्यांकडे रबरी बांध असतात, काठ उचललेल्या मोठ्या चटया असतात, त्यांवर गाडी उभी करायची आणि सगळं पाणी चटईतच अडवायचं. हौस म्हणून नव्हे. अमेरिकेचा १९७२ चा स्वच्छ पाणी कायदा आहे, आणि धंद्याचं साबणपाणी पावसाच्या गटारात सोडलेलं सापडलं तर दंड होतो. भाच्याने उलट मला त्याच्या घरासमोरच्या गटाराच्या तोंडावरची पाटी पाठवली: माशाचं चित्र, आणि इथे काही ओतू नका, हे पाणी खाडीत जातं, अशा अर्थाचा मजकूर. आमच्या गटाराच्या तोंडावरही एक पाटी आहे. तिच्यावर येत्या निवडणुकीतल्या एका उमेदवाराला वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत.

आता व्हॅक्यूममध्ये ओढलेलं ते काळं पाणी कुठे ओतायचं? इथे सुशिक्षित माणसाचा भूगोल संपतो. बहुतेकांना वाटतं, जमिनीत भोक दिसलं म्हणजे खाली ड्रेनेज आहे. भोकं दोन प्रकारची असतात. रस्त्याकडेची लांबट जाळी असते ती पावसाळी गटाराची. तिच्यात पडलेलं पाणी कुठे थांबत नाही, कुणी त्याला हटकत नाही, ते तसंच्या तसं जवळच्या ओढ्यात किंवा नदीत जातं. दुसरं गोल, जड झाकणाचं, ते मैलापाण्याच्या वाहिनीचं. ते पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं, निदान जावं अशी योजना आहे. मुळा-मुठा साफ व्हावी म्हणून जपानच्या जायका संस्थेकडून कर्ज घेतलं, त्याचा करार २०१६ साली झाला, रोज ३९६ दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करू शकतील अशी ११ केंद्रं त्यात ठरली. हा सगळा खटाटोप गोल झाकणाखालच्या पाण्यासाठी. जाळीतून सटकलेल्या फेसापुढे जपानही हात टेकतो.

जाळी उघडीच असते, तिच्यात ओतायला कष्ट नाहीत. गोल झाकणाला सब्बल लागते, सब्बल मामांकडे असते, मामांना ती द्यायला कार्यवाहांची परवानगी लागते, कार्यवाह सकाळी चालायला गेलेले असतात. ते येईपर्यंत झाकण उघडून वास सुटलेला असतो आणि तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी मोबाइलवर फोटो काढलेला असतो. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो येतो, लाल गोल काढून. खाली प्रश्न: "हे कुणाच्या परवानगीने?" पोराने नदी वाचवली तर त्याला नोटीस, आणि शेजारच्या सोसायटीतला डिटेलर सरळ जाळीत ओततो तर त्याचं काम कसं स्वच्छ असतं म्हणून कौतुक. स्वच्छच असणार. त्याची घाण दिसायच्या आत पसार झालेली असते.

जाते कुठे? बाणेरच्या जाळीतून सुटलेलं पाणी रामनदीत. रामनदी मुळेला मिळते. मुळा संगमावर मुठेला. मुळा-मुठा पुढे दौंडच्या अलीकडे भीमेला, भीमा उजनी धरणात, आणि उजनीतून पाणी सोडलं की पंढरपूर. तिथे ह्याच भीमेला चंद्रभागा म्हणतात. म्हणजे वारकरी ऊन-पाऊस खात, रिंगण करत, मुक्काम करत पायी जातो, आणि बाणेरातल्या एसयूव्हीच्या अंगावरचा मळ ना टाळ ना तुळस, कुठलाही विसावा न घेता वाळवंटाशी हजर. फेस वाटेत विरतो, हे खरं. विरत नाही ते वेगळंच: ब्रेकच्या पट्ट्या झिजून पडलेली धातूची पूड, ऑइलचा तवंग, टायरचा चुरा, डांबराचे ठिपके. शिवाय साबणात फॉस्फेट असेल तर ते जलपर्णीचं खत. उजनीच्या फुगवट्यावर ती हिरवीगार पसरलेली दिसते, तिच्या मुळाशी पुणेकरांनी इतक्या प्रकारांनी खतपाणी घातलंय की एकट्या गाडीवाल्यांना श्रेय घेता येणार नाही.

टायरच्या चुऱ्याला हसू नका. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ओढ्यांमध्ये अंडी घालायला आलेले कोहो सामन मासे पाऊस पडला की पटापट मरायचे, आणि कारण वर्षानुवर्षं सापडत नव्हतं. २०२० साली शास्त्रज्ञांनी ते शोधलं. टायर लवकर फाटू नये म्हणून रबरात एक रसायन घालतात. त्याचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन जे बनतं, ते रस्त्यावरच्या पाण्यातून ओढ्यात गेलं की हा मासा काही तासांत गतप्राण होतो. आमच्याकडे सामन नाही, हे एक बरं. उजनीत चिलापी आहे, आणि चिलापी कशालाही पुरून उरते.

त्या चिलापीपायी एक चक्र मात्र पुरं होतं. हिवाळ्यात पुणेकर शनिवारी गाडी चकचकीत धुवून घेतो. रविवारी पहाटे तीच गाडी घेऊन सोलापूर रस्त्याने भिगवणला रोहित पक्षी बघायला जातो. उजनीच्या काठावर उभा राहून "काय निसर्ग आहे!" म्हणतो, जलपर्णीकडे पाठ करून सेल्फी काढतो, आणि परतताना भिगवणच्या हॉटेलात चिलापी तळून खातो. त्याच्याच गाडीने धाडलेल्या मालाची थोडीफार पोहोचपावती त्याच्या ताटात आलेली असते. लिंबू पिळल्यावर कळत नाही.

आणि धाराशिवकरांचं काय? धाराशिव शहराला उजनीचं पाणी नळाने येतं, शंभरावर किलोमीटर अंतर कापून. मी हे त्या पोराला सांगायला गेलो तर त्याला ते माझ्या आधीपासून ठाऊक होतं. "आई फोनवर सांगती, आज उजनीचं पाणी आलतं म्हणून. मी म्हणलो, बघ, फेस आला तर माझा नंबर दे." हसून त्याने अजगर सरळ केला. अजगर शिवायचं डोकं त्याला कुठून आलं, हे मी मग विचारलं नाही.

पाणी कमी वापरलं तर अडवायला कमी लागतं, हे तर कुणीही सांगेल. नळी मोकळी सोडली की मिनिटाला सहज पंधरा-वीस लिटर जातात. त्याचा प्रेशर वॉशर त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात काम उरकतो. आमच्या पार्किंगमध्ये "नळीने गाडी धुण्यास सक्त मनाई" असा फलक आहे. त्या फलकाचा खिळा भक्कम आहे, त्यामुळे नळी गुंडाळून त्यावरच टांगतात. दर रविवारी एक सेवानिवृत्त गृहस्थ ती उतरवतात. त्यांचा निम्मा वेळ फोनवर बोलण्यात जातो, तेवढा वेळ नळी जमिनीवर आपलं काम करत असते. एप्रिलात याच मुहूर्तावर दहा हजार लिटरचा टँकर गेटमधून आत येतो. तोही गळका असतो. तो अर्धा रस्ता धुवतच आलेला असतो, त्यामुळे नळीवाल्या गृहस्थांना त्याच्यासमोर संकोच वाटायचं कारण उरत नाही.

पाणी अजिबात न वापरता धुण्याचाही प्रकार आहे. बाटलीतलं द्रावण फवारायचं, मऊ फडक्याने अलगद उचलून घ्यायचं, दर पुसण्याला फडक्याची घडी बदलायची. जमिनीवर थेंब नाही. नुसती धूळ बसलेली असेल तर हे उत्तम. चिखल असेल तर नको, कारण चिखलातली वाळू फडक्याखाली सापडली की रंग गेलाच. पोरगा गिऱ्हाइकाला हे समजावतो. गिऱ्हाईक ऐकतं, मान डोलावतं आणि म्हणतं, "पाणी तुझं वाचलं, मग पैसे तेवढेच का?"

मग त्याने एसटीपीच्या पाण्याचा विषय काढला. आमच्या सोसायटीत स्वतःचं सांडपाणी शुद्धीकरण आहे. शुद्ध झालेलं पाणी फ्लशला आणि बागेला जातं. त्याची सूचना साधी होती: चाकं, चाकांवरच्या कमानी आणि गाडीचं पोट आधी या पाण्याने धुवावं, शेवटचा हात तेवढा चांगल्या पाण्याने. वार्षिक सभेत हा विषय आयत्या वेळी आला आणि लेखापरीक्षकाची नेमणूक, लिफ्टचा देखभाल करार हे सगळं बाजूला राहून यावर दीड तास चर्चा झाली.

"म्हणजे माझ्या गाडीवर नक्की कुणाकुणाचं पाणी येणार?" ए विंगमधून पहिला प्रश्न.

"सगळ्यांचं," कार्यवाह म्हणाले. "सहकारी संस्था आहे."

एकांनी सुचवलं की आपापल्या विंगचं पाणी आपापल्या विंगच्या गाड्यांना मिळावं. एकांनी विचारलं, या पाण्याने धुतलेल्या गाडीची दसऱ्याला पूजा चालेल का. यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की शास्त्रात वाहत्या पाण्याला दोष नाही. हे पाणी तर आपल्या डोळ्यांदेखत दहा मजल्यांवरून वाहत आलेलं आहे. टाळ्या पडल्या. बोअरवेलचं पाणी वापरा अशी एक दुरुस्ती आली, पण त्यात क्षार एवढे आहेत की गाडी उन्हात वाळली तर अंगभर पांढरे ठिपके उठतात, हे पोराने मामांमार्फत कळवलं. आरओच्या टाकाऊ पाण्याचा ड्रम भरून देण्याची तयारी दोघी-तिघींनी दाखवली; त्यात तर क्षार त्याहून जास्त. शेवटी ठराव झाला: शुद्ध केलेलं सांडपाणी फक्त चाकांसाठी, तेही सभासदाच्या लेखी संमतीने. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाचा उल्लेख एका वकील सभासदांनी केला. ओढ्या-नद्यांत घाण सोडण्याला तेव्हापासून कायद्याने बंदी आहे, असं ते सांगत होते. पण तोवर बटाटेवडे आले.

बंगळूरात असले ठराव करायला वेळ मिळाला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये तिथे पाणी आटलं तेव्हा पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावरच बंदी घातली, दंड पाच हजार रुपये. तिथल्या माझ्या मावसभावाने तेव्हा गाडीवर धुळीचा थर साठू दिला आणि ऑफिसात तो देशसेवा म्हणून दाखवला. बंदी संपल्यावरही त्याने ती सेवा चालू ठेवली आहे. पुण्यात तसली वेळ आली तर काय होईल ते मला माहीत आहे. नळीवाले गृहस्थ मध्यरात्री धुतील.

पहिल्या पावसात गाडी धुणारेही एक आहेत. ढग भरून आले की ते गाडी उघड्यावर काढतात, अंगाला शांपू चोपडतात आणि छत्री धरून व्हरांड्यात उभे राहतात. उरलेलं वरुणराजा बघतो. पाणी फुकट, वीज फुकट आणि वाहून न्यायची जबाबदारीही सरकारी. एकदा शांपू लावून झाल्यावर ढग पुढे सरकले. वाळलेल्या साबणाचे ओघळ मिरवत ती गाडी आठवडाभर फिरत होती, आणि आमच्याकडच्या पोराने तो प्रकार निस्तरायला नेहमीच्या दुप्पट पाणी खर्च केलं. अजगर दोन्ही लागले.

या सगळ्याची परीक्षा असते ती खंडेनवमी-दसऱ्याला. त्या दोन दिवसांत गाडी न धुणारा मराठी माणूस म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही तो. पूर्वी पोळ्याला बैल नदीवर नेऊन धुवायचे. आता गाडी जागेवर धुवायची आणि नदीला पाणी पोचतं करायचं. सकाळी सहापासून प्रत्येक गेटखालून पांढरी धार निघते, दोन धारा मिळून ओहोळ होतो, ओहोळ जाळीत शिरतो. पोराच्या फोनला त्या दिवशी उसंत नसते. दुपारपर्यंत गाड्या आरशासारख्या करून द्यायच्या, आणि मग मालक सहकुटुंब येतो आणि त्याच आरशावर हळदी-कुंकवाची बोटं ओढतो, झेंडूचा हार वायपरला अडकवतो, चारही चाकांखाली लिंबं ठेवतो आणि बंपरपुढे नारळ फोडतो. हजारो रुपयांच्या सिरॅमिक कोटिंगवर हळद बसलेली पोरगा बघत उभा असतो. तो काही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस हळद काढायला फोन करणार, हे त्याला ठाऊक असतं. नारळाचं पाणी तेवढं त्या दिवशी जाळीत जाणाऱ्या पाण्यांपैकी निर्मळ.

गेल्या वर्षीपासून त्याने दर वाढवलाय. धुलाईचा दर तोच, वर पन्नास रुपये पाणी अडवून गोल झाकणात नेऊन ओतण्याचे. निम्मी गिऱ्हाइकं म्हणतात, धुवायचं बघ, पाण्याचं आम्ही बघू. मग ती बघत नाहीत. तुमच्याकडे घरी येऊन गाडी धुणारा असेल तर फेस किती येतो ते विचारू नका. पाणी कुठल्या झाकणात ओततोस, तेवढं विचारा. त्याने जाळीकडे बोट दाखवलं तर त्याला गोल झाकण दाखवा आणि कार्यवाहांकडून सब्बल मिळवून द्या. आणि त्याने पन्नास रुपये जास्त मागितले तर दसऱ्याच्या दिवशी तरी घासाघीस करू नका.